माझदाचं १३बी रोटरी इंजिन ओव्हरहॉलसाठी खोलताना

रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं इंजिन, खोलणं अवघड नाही. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाहीत. हत्यारं हाताशी असली तर दोन माणसं शनिवार-रविवारात १३बी पूर्ण उलगडून टेबलावर मांडतात. खरी अडचण वेगळीच आहे. हे इंजिन कशानं गेलं याचा पुरावा आत बसलेला असतो, आणि तो खोलतानाच दिसतो, एकदाच. सील उचललं, फडक्यानं पुसलं, डब्यात टाकलं, की संपलं.

माझं पहिलं १३बी मी असंच खोललं. उद्यमनगरात डिझेल इंजिनांवर हात बसलेला, त्यामुळे अंगात भलताच आत्मविश्वास. बाराच्या बारा साइड सील (रोटरच्या चपट्या बाजूंवरच्या पातळ पट्ट्या) आइस्क्रीमच्या एका डब्यात टाकली आणि मग तीन रात्री कुठलं सील कुठल्या खोबणीतलं हे हुडकत बसलो. शेवटी सगळी नवी घ्यावी लागली. आता ऑकलंडमध्ये घराच्या गॅरेजात हेच काम शौक म्हणून करतो. इकडे रोटरीचं वेड इतकं आहे की जुनी इंजिनं आणि सुटे भाग अजूनही हाती लागतात. खाली जे लिहिलंय ते दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मधल्या, टर्बो नसलेल्या १३बी इंजिनाबद्दल आहे. ही गाडी १९८५ ते १९९२ या काळात बनली. टर्बोवालं किंवा तिसऱ्या पिढीचं इंजिन असेल तर बाहेरचा पसारा वाढतो, गाभा जवळपास तोच. आरएक्स-८ च्या इंजिनात एक्झॉस्टची तोंडं रोटर हाउसिंगमधून काढून बाजूच्या प्लेटांत नेली आहेत, पण उलगडण्याचा क्रम ओळखीचाच वाटेल.

रचना आधी डोक्यात बसवा. चार पुडांचा जेवणाचा डबा असतो ना, तसं हे इंजिन एकावर एक रचलेलं आहे, फक्त पुडं पाच: पुढची बीडाची प्लेट, पुढचं अॅल्युमिनियमचं रोटर हाउसिंग, मधली प्लेट, मागचं रोटर हाउसिंग, मागची प्लेट. डब्याची कडी म्हणजे अठरा लांबलचक टेन्शन बोल्ट. ते मागून घुसतात आणि पुढच्या प्लेटच्या आट्यांत बसतात. दोन हाउसिंगांत दोन त्रिकोणी रोटर, मधून एक एक्सेंट्रिक शाफ्ट (क्रँकशाफ्टचं काम करणारा). रोटरचा एक फेरा होतो तेव्हा शाफ्टचे तीन होतात. एका रोटरचे ६५४ सीसी, दोघांचे मिळून १३०८. बोल्ट मागून येतात म्हणून इंजिन मागून पुढे असंच उलगडायचं असतं. बाकीचा सगळा क्रम यावरून ठरतो.

खोलण्याआधी खात्री करा

गाडी सुरू होत नाही म्हणून लगेच इंजिन उतरवू नका. इंजिन गरम असताना कॉम्प्रेशन बघा. रोटरीसाठी वेगळा टेस्टर येतो, तो प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे आकडे सुटे दाखवतो. तो नसेल तर साध्या गेजमधली हवा अडवणारी एकमार्गी झडप काढून टाका, गेज प्लगच्या भोकात बसवा, इंधन आणि स्पार्क बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. आकडा काटेकोर मिळणार नाही, पण काटा कसा उडतो ते दिसेल. स्टार्टर साधारण २५० आरपीएमला फिरवतो, म्हणजे सेकंदाला चारेक ठोके. तीन सारखे ठोके, पुन्हा तीन सारखे, हे निरोगी रोटरचं लक्षण. लागोपाठचे दोन ठोके मेलेले आणि तिसरा ठीक असेल तर बहुतेक एक अॅपेक्स सील (रोटरच्या टोकावरची पट्टी) गेलंय, कारण ते सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असतं. एकच ठोका कमजोर असेल तर संशय साइड किंवा कॉर्नर सीलवर (कॉर्नर म्हणजे टोकाशी बसणारं लहान सील).

सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर कूलंट सील (पाणी अडवणारं सील) फुटलंय. निळा धूर, त्यातही इंजिन थोडा वेळ उभं राहून पुन्हा सुरू केल्यावर येणारा, ऑइल रिंगांचा. गार इंजिन झटकन सुरू होतं, गरम झालं की होत नाही, हा सीलच्या झिजेचा जुना आजार. हे सगळं कागदावर लिहून ठेवा. उद्या प्लेट हातात येईल तेव्हा काय शोधायचं ते माहीत असलं पाहिजे.

हत्यारं आणि जागा

नेहमीची हत्यारं धरून चालतो. वेगळं लागतं ते असं: ५४ मिमीचा सॉकेट, त्याला पाऊण इंची चौकटीचा दणकट दांडा आणि दांड्यावर चढवायला दीड-दोन मीटरचा पाइप, फ्लायव्हील अडवायला पोलादी पट्टी किंवा अँगलचा तुकडा, फ्लायव्हील पुलर, डाउल (भाग जागी धरणाऱ्या नळ्या) ओढायचा पुलर, डायल गेज, फीलर गेज, सरळ पट्टी. आणि हो, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. विकतचे सील ट्रे मिळतात, पण अंड्यांच्या ट्रेवर मार्करनं लिहिता येतं आणि काम झालं की फेकता येतं.

स्टँडच्या बाबतीत नवखा माणूस हमखास फसतो. साधा इंजिन स्टँड बेलहाउसिंगच्या भोकांत बोल्ट होतो, म्हणजे मागच्या प्लेटला. आणि आपल्याला पहिल्यांदा काढायची असते ती मागचीच प्लेट! त्यामुळे पुढच्या प्लेटला बाजूनं धरणारा अडॅप्टर लागतो. तो नसेल तर पुढचं कव्हर काढून झाल्यावर इंजिन जुन्या टायरवर तोंड खाली करून उभं करा. शाफ्टचं टोक टायरच्या पोकळीत जातं, प्लेट रबरावर टेकते. माझी दोन इंजिनं अशीच टायरवर उलगडली आहेत.

फोटो काढा. व्हॅक्यूमच्या नळ्यांचे तर चारही बाजूंनी काढा. त्या उंदराच्या घरट्यासारख्या असतात आणि महिन्यानंतर एकही आठवत नाही.

बाहेरचा पसारा

हा भाग कंटाळवाणा आहे, उरकून टाका. ऑल्टरनेटर, वॉटर पंप, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटरच्या जागी बसणारा क्रँक अँगल सेन्सर, ऑइल फिल्टरचा पाया. एका ठिकाणी मात्र हात सैल ठेवा: ऑइल मीटरिंग पंपाच्या बारीक नळ्या. हे इंजिन ऑइल पॅनमधलं तेल थेंब-थेंब आत सोडून स्वतःची अॅपेक्स सील ओली ठेवतं आणि ते तेल या नळ्यांतून जातं. तीस वर्षांत प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, नुसती वाकवली तरी मोडते.

तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्या, फेकू नका. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी मिसळलंय. मग ऑइल पॅन काढा. जुन्या सिलिकॉननं ते इतकं घट्ट चिकटतं की पातळ पटाशीनं कडेकडेनं सोडवावं लागतं. घाईत स्क्रूड्रायव्हर खुपसला तर कडा वाकते आणि पुढे आयुष्यभर गळते. पॅनच्या तळाला चुंबक फिरवा. बारीक काळी पूड असेल तर वय झालंय एवढंच समजा. चमकदार तांबूस किंवा रुपेरी पापुद्रे मिळाले तर बेअरिंग बोलतंय, आणि पापुद्र्यांना बहुधा चुंबक लागतही नाही, म्हणून उरलेलं तेल कापडातून गाळून बघा.

शाफ्टचा खेळ आधी मोजा

समोरचा बोल्ट सैल करण्याआधी एक माप घ्यायचंच. डायल गेजचा पाय फ्लायव्हीलवर टेकवा, शाफ्ट पुढे-मागे ढकला आणि काटा किती हलतो ते लिहा. हा एंड प्ले ०.०४ ते ०.०७ मिमी असावा, ०.०९ च्या वर गेला तर पुढच्या बाजूचा स्पेसर बदलायचा. हा स्पेसर वेगवेगळ्या जाडीत मिळतो आणि त्यावर अक्षर कोरलेलं असतं. एकदा बोल्ट सुटला की जुना खेळ किती होता हे कळायचा मार्ग उरत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मे लोक ते विसरतात.

दोन हट्टी नट

आता फ्लायव्हील अडवा. बेलहाउसिंगच्या एका भोकात अँगलचा तुकडा बोल्टनं पक्का करा, दुसरं टोक रिंग गिअरच्या दात्यांत बसवा. शाफ्ट फिरायचा बंद झाला की आधी समोरचा १९ मिमीचा बोल्ट सैल करा. फक्त सैल, काढू नका.

मग मागचा ५४ मिमीचा नट. कारखान्यातून हा चिकटद्रव्य लावून, साधारण ४० ते ५० किलोग्रॅम-मीटर टॉर्कनं आवळलेला असतो. मी पहिल्या वेळी पाइपवर लोंबकळलो, नंतर मित्रही लोंबकळला, इंजिन स्टँडसकट सरकलं, नट जागचा हलला नाही. तेव्हा आमचे मिस्त्री आठवले. गंजलेल्या नटाशी झटापट करणाऱ्या पोराला ते म्हणायचे, ‘आरं, त्याला शिव्या दिऊन काय उपेग? शेक दे की जरा!’ ब्लो-टॉर्चनं नट चांगला तापवा, निव्वळ नट, मागचं ऑइल सील नव्हे. चिकटद्रव्य मऊ होतं, मग पाइपाला एक दमदार हिसका. आटे नेहमीचेच आहेत, डावीकडे सुटतात. इम्पॅक्ट गन असेल तर हे सगळं नाटक अर्ध्या मिनिटाचं.

नट सुटला तरी पूर्ण काढू नका, चार-पाच आटे राहू द्या. फ्लायव्हील शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसलेलं असतं. पुलरचा ताण वाढत जातो आणि अचानक बंदुकीच्या बारासारखा आवाज करून ते सुटतं. नट नसेल तर ते थेट पायावर येतं. फ्लायव्हील उतरलं की निमुळत्या भागातली चावी काढून ठेवा आणि त्या खाचेवर इलेक्ट्रिकलची टेप गुंडाळा. थोड्या वेळानं मागची प्लेट याच शाफ्टवरून वर सरकणार आहे, आणि खाचेची धारदार कड मागच्या मेन बेअरिंगवर ओरखडा काढते.

समोरची बाजू

समोरची पुली हबवरून सोडवा, मग सैल केलेला बोल्ट काढा. बोल्टमागे शाफ्टच्या पोटात स्प्रिंग आणि तापमानावर चालणारी एक छोटी झडप असते. घरंगळून स्टँडखाली गेली तर शोधत बसाल. हब ओढा आणि पुढचं कव्हर काढा. कव्हर आणि पुढची प्लेट यांच्या मध्ये तेलाच्या वाटेवर एक लहानशी ओ-रिंग आहे. ती चपटी झालेली किंवा एका बाजूनं खाल्लेली दिसली तर फोटो काढा. कमी ऑइल प्रेशरचं कारण बऱ्याचदा एवढ्याशा रबरात सापडतं, आणि त्या आधी लोक बेअरिंगांवर पैसे घालून बसलेले असतात.

आत ऑइल पंपाची साखळी दिसेल. दोन्ही स्प्रॉकेट आणि साखळी एकदमच बाहेर ओढायची, सुटी नाही. पंपाच्या नटाखालची पत्र्याची लॉकिंग जीभ आधी सरळ करा. त्यानंतर शाफ्टवरून एकेक भाग उतरतो: गिअर, काउंटरवेट, थ्रस्ट वॉशर, सुईदार बेअरिंग, स्पेसर. मी जाड तारेवर हे सगळं ज्या क्रमानं निघालं त्याच क्रमानं आणि त्याच तोंडानं ओवतो, दोन्ही टोकं वाकवतो आणि टांगून ठेवतो. सुईदार बेअरिंग जोडताना जरासं खाली सरकलं आणि बोल्ट आवळला गेला तर चेचतं. त्याचा क्रम चुकायला नको, म्हणून ही तारेची माळ.

अठरा बोल्ट

इंजिन उभं करा, मागची बाजू वर. एक मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर मागच्या प्लेटचा आकार ढोबळ काढा, बोल्टच्या जागी अठरा भोकं पाडा आणि आकडे घाला.

बोल्टचं डोकं १७ मिमीचं. एक बोल्ट पूर्ण सोडून मग दुसऱ्याला हात लावायचा नाही. समोरासमोर जात आधी सगळे थोडे-थोडे सैल करा, मग दुसरी फेरी, मग तिसरी. अॅल्युमिनियम आणि बीड यांची उतरंड आहे. एका बाजूचा ताण अचानक गेला तर प्लेट वाकायला निमित्त मिळतं. बोल्ट पाण्याच्या जागेतून जातात, तेव्हा सोडताना उरलेलं कूलंट ओघळणारच. खाली घमेलं ठेवा. बाहेर आलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यातल्या आपल्या भोकात. काही बोल्ट चकचकीत निघतील, काही गंजून मधेच बारीक झालेले. गंजलेले शेजारी-शेजारी असतील तर त्या कोपऱ्यातलं सील बराच काळ गळत होतं. पुठ्ठा असेल तरच हे कळतं.

उतरंड उतरवणं

मागची प्लेट चिकटलेली असते. कडेकडेनं रबरी हातोड्यानं ठोका, पण दोन भागांच्या फटीत पटाशी घालण्याचा मोह आवरा. त्या घासून सपाट केलेल्या पृष्ठांवर उठलेली एक कड नवीन सील कापते. दोघांनी मिळून सरळ वर उचला. ऑइल रिंगा, साइड सील, कॉर्नर सील बऱ्याचदा प्लेटच्या पोटाला चिकटून वर येतात. प्लेट उलटी करायच्या आधी खालून बघा, चिकटलेलं सील बोटानं सोडवा आणि रोटरवरच्या त्याच जागी परत ठेवा.

आता थांबा. हात धुवा, चहा घ्या, उजेड नीट लावा. मागच्या रोटरचं तोंड पहिल्यांदाच उघडं आहे आणि सगळी सील जागेवर आहेत. सरळ वरून एक फोटो, मग प्रत्येक टोकाचा जवळून. रोटरच्या तीन बाजूंना मार्करनं १, २, ३ द्या, रोटरवर ‘मागचा’ लिहा. टोकदार पंचनं खुणा करू नका. दोन अॅपेक्स सील उठून दिसतात आणि तिसरं काजळीत रुतून सपाट बसलंय असं दिसलं, तर कॉम्प्रेशनच्या कागदावरचे ते दोन मेलेले ठोके कुठले होते ते समजलं.

वरच्या बाजूची सील ट्रेमध्ये घ्या. एका ट्रेवर ‘मागचा रोटर, मागची बाजू’, दुसऱ्यावर ‘मागचा रोटर, पुढची बाजू’. कॉर्नर सीलखाली चिमुकली स्प्रिंग असते, बोट वर धरूनच उचला. साइड सीलखाली लाटेसारखी पातळ स्प्रिंग असते, ती सीलसोबतच ठेवायची.

रोटर हाउसिंग दोन नळीसारख्या डाउलवर बसलेलं असतं. हाउसिंग खाली दाबून धरा, पुलरनं डाउल वर ओढा. पक्कडीनं ओढाल तर नळी चेपते. हाउसिंग वर सरकवताना अॅपेक्स सीलचा आधार सुटतो, त्यामुळे दुसऱ्यानं तिन्ही टोकांवर बोटं ठेवावीत किंवा रोटरभोवती रबर बँड घालावा. पूर्वी मी रबर बँड विसरलो होतो. सील उडालं नाही, पण हाउसिंग आणि रोटरच्या मध्ये आडवं अडकलं आणि क्रोमवर माझ्याच हातून रेघ उठली. चांगल्या हाउसिंगचा भाव कळला त्या दिवशी.

रोटर चार किलोंच्या वर भरतो. उचलताना खालची सील खाली राहतात किंवा अर्ध्यावरून पडतात, म्हणून हळू वर घ्या, तळाशी दुसऱ्याचा पंजा, आणि रबरी चटईवर ठेवा. मागच्या रोटरचा आतला दातेरी गिअर मागच्या बाजूला असतो, पुढच्याचा पुढच्या बाजूला. जोडताना हे उलटं होऊच शकत नाही असं वाटतं, पण गोंधळ होतो. रोटरवर वजनाच्या वर्गाचं अक्षर कोरलेलं असतं, ते वहीत लिहा. एखादा रोटर बदलावा लागला तर तोल साधायला ते लागेल.

मधल्या प्लेटपाशी सगळे अडखळतात. ती नुसती वर ओढली तर येत नाही, कारण शाफ्टचा मागचा फुगीर भाग आडवा येतो. एकानं खालून शाफ्ट सुमारे २५ मिमी वर ढकलायचा, त्याच वेळी दुसऱ्यानं प्लेट वर उचलून तिरकी न करता त्या भागावरून सरकवायची. जोर लावायचा नाही. अडली तर शाफ्ट थोडा फिरवा. मधली प्लेट जड आहे. एकट्यानं करू नका, पाठ आणि बेअरिंग दोन्ही जातात. पुढचं हाउसिंग आणि पुढचा रोटर मागच्यासारखेच, दोन नवे ट्रे घेऊन. शेवटी शाफ्ट सरळ वर काढा. खाली उरते पुढची प्लेट आणि तिच्यात बोल्ट केलेला स्थिर गिअर.

टेबलावर काय वाचायचं

आधी हाउसिंग. आतल्या क्रोमवर नख फिरवा. प्लगच्या भोकांभोवती बारीक चिरा असतात का बघा, आणि कडेला क्रोम सोलल्याच्या खुणा. क्रोम सोललं असेल तर ते हाउसिंग गेलं. आडव्या, एकसारख्या अंतरावरच्या लहरी दिसल्या तर त्याला मोठा इतिहास आहे. १९६० च्या दशकात हिरोशिमात माझदाचे अभियंते केनिची यामामोतो यांच्या चमूला याच लहरींनी झोप येऊ दिली नव्हती. सील थरथरत हाउसिंगवर घासायचं, आणि त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. सीलचं द्रव्य बदलून कार्बन आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रणाचं केलं तेव्हा ते आटोक्यात आले आणि १९६७ मध्ये माझदाची कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी बाजारात आली. रोटरी म्हणजे निव्वळ जपानी खूळ असंही नाही. नगरच्या व्हीआरडीई या लष्करी वाहनांच्या संशोधन संस्थेनं बंगळूरच्या संस्थांसोबत मिळून निशांत या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं व्हँकेल, म्हणजे रोटरीच, इंजिन तयार केलं. गाभा तोच, सीलची कटकटही तीच.

बीडाच्या प्लेटांवर सरळ पट्टी ठेवा आणि फीलर गेज घाला. ०.०४ मिमीहून जास्त वाक चालत नाही. साइड सील घासून पडलेली पायरी बोटालाही लागते. डायल गेजनं मोजा, ०.१० च्या आत असेल तर वापरता येईल. या पिढीत कूलंट सीलची खोबणी प्लेटमध्ये आहे (जुन्या इंजिनांत ती रोटर हाउसिंगमध्ये होती), आणि खोबणीची आतली, पातळ भिंत चिरते किंवा गंजून तुटते. सकाळच्या पांढऱ्या धुराचं मूळ बहुतेक इथेच असतं. भिंत तुटलेली प्लेट कितीही चकचकीत असली तरी नवं सील तिथे टिकणार नाही.

साइड सील आणि कॉर्नर सील यांच्या मधली फट फीलर गेजनं मोजा. नव्या जोडणीत ०.०५ ते ०.१५ मिमी, ०.४ च्या वर गेली तर सील बदला. म्हणूनच ते ट्रे हवे होते, मिसळलेल्या सीलांच्या मापाला काही अर्थ नसतो. ऑइल रिंगची घासणारी कड ०.५ मिमीहून रुंद झाली असेल तर निळ्या धुराला उत्तर मिळालं. तिच्या आतली रबरी ओ-रिंग बहुतेक वेळा प्लॅस्टिकसारखी कडक निघते. ती न विचारता बदलायचीच. अॅपेक्स सीलची उंची मायक्रोमीटरनं टोकाला आणि मध्ये, दोन्हीकडे मोजा. मध्ये कमी आणि टोकाला जास्त, अशी कमान असेल तर हाउसिंगही तसंच झिजलंय.

रोटरच्या टोकाशी खळगा, चेपलेली कड किंवा फाकलेली खोबणी असेल तर सील तुटून तुकडा आत फिरलाय. तो एक्झॉस्टमधून बाहेर पडतो, म्हणजे टर्बोवालं इंजिन असेल तर टर्बोचं चाकही तपासा. नुसतं सील बदलून असं इंजिन बांधलं तर काही महिन्यांत पुन्हा याच टेबलावर येतं. कारण शोधा: पातळ मिश्रण, चुकलेलं टायमिंग, अर्धवट तुंबलेलं इंजेक्टर.

काजळीत रुतलेलं सील छन्नीनं उपटू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल किंवा गंजसोडवं तेल सोडून रात्रभर राहू द्या, सकाळी लाकडी काडीनं हलवा. रोटरच्या खोबण्या तारेच्या ब्रशनं घासू नका. वाळूच्या झोतानं साफ करायचा विचारही नको. एक कण तेलाच्या वाटेत राहिला तरी बेअरिंग जातं.

पार्टची यादी येईपर्यंत आठवडे जातात, आणि बीडाला दमट हवेत दोन दिवसांत तांबूस झाक येते. पुसून झाल्यावर प्लेटा, हाउसिंगचं क्रोम आणि शाफ्ट, तिन्हींना इंजिन ऑइलचा हात द्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि प्लेटा उभ्या न ठेवता आडव्या ठेवा.

गॅरेजचं शटर ओढण्याआधी मोजून घ्या: अॅपेक्स सील सहा, कॉर्नर बारा, साइड बारा, ऑइल रिंगा आठ, आणि प्रत्येकीच्या स्प्रिंगा. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे कॉर्नर सीलच्या स्प्रिंगा अकराच भरल्या. रात्री दीडपर्यंत टॉर्च घेऊन फरशीवर रांगलो, झाडून काढलं, चुंबक फिरवलं, मित्रानं स्वतःचे बूट उलटे करून झटकले. बारावी स्प्रिंग मधल्या प्लेटच्या पाण्याच्या वाटेत, गंजाच्या चिखलात रुतलेली निघाली.